पावसाळ्यात ऑइल पेंटिंग वाळेना, वर बुरशी! मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. कापूरबावडीच्या ठाणे कलाभवनात प्रदर्शन लागलं की माझी चक्कर ठरलेली. जहांगीर आर्ट गॅलरीला जायचं म्हणजे लोकलने सीएसएमटी, पुढे काळा घोडा, अख्खा रविवार जातो. तरी जाते. बघून बघून हात शिवशिवायला लागले आणि दिवाळीनंतर ॲक्रिलिक सोडून ऑइलला हात घातला.

स्टुडिओ कसला, हॉलची बंद केलेली बाल्कनी. एक ईझल, एक स्टूल आणि 'माझी तुळस हलवायची नाही' ही सासूबाईंची अट.

येऊरच्या डोंगराचं चित्र तीन आठवडे झाले तरी ओलंच. हिरवा अजून बोटाला लागतो. त्यात काल कॅनव्हास उलटा केला, तर मागे लाकडी फ्रेमच्या कोपऱ्यात पांढरी बुरशी! ऑइल रंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, एवढं मला कळतं. पण खिडकी उघडली की दमट हवा आत, आणि बंद ठेवली की रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनचा वास पार देवघरापर्यंत.

डिह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र) कुणी वापरलाय का? लहान जागेत फरक पडतो की नुसतंच वीजबिल? बुरशी कोरड्या ब्रशने झटकली, पण पुढे काय करू? मागून गेसो (रंगाआधी कॅनव्हासला देतात तो अस्तराचा थर) लावला तर चालेल का? की सरळ गणपतीपर्यंत जलरंगच करू? (पण ३०० जीएसएमचा जाड कागदही हल्ली पापडासारखा सादळतोय.)

ठाणे-नवी मुंबईत घरी ऑइल करणाऱ्यांनी जरूर सांगा.