मदत हवी आहे: फोन टेकवून बिटकॉइन दिले, समोरच्याला माझी शिल्लक कळली

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या गृहस्थांना फोनवरच्या वॉलेटमधून थोडे बिटकॉइन दिले. फोनला फोन टेकवला, त्यांचा बिटकॉइन पत्ता (खातेक्रमांकासारखा) आला, रक्कम टाकली, झालं. दोन दिवसांनी ते सहज म्हणाले, "बरंच साठवलंय की तुम्ही!" मी गारच पडले. हा आकडा मी घरातही सांगितलेला नाही.

आधी वाटलं, हवेतून कुणी काही पकडलं असणार. पण एनएफसी (फोन टेकवून माहिती पाठवायची सोय) चालतं जेमतेम १० सेंटिमीटरच्या आत, आणि त्यातून आला होता तो फक्त त्यांचा पत्ता. मग ब्लॉक एक्सप्लोररवर (बिटकॉइनचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) तो व्यवहार उघडला. इनपुट (खर्चायला घेतलेलं नाणं) एकच, भलंमोठं. आउटपुट दोन: त्यांना दिलेली किरकोळ रक्कम, आणि उरलेलं सगळं माझ्याच नव्या पत्त्यावर परत. मोठी नोट मोडून सुटे घेतो ना, अगदी तसं. फक्त इथे सुटे कुठे गेले तेही साऱ्या जगाला दिसतं. इनपुटवर टिचकी मारली तर मागचा व्यवहार उघडला, म्हणजे माझ्या कामाचे पैसे आले तो! २००९ पासूनची बिटकॉइन व्यवहारांची ही वही, म्हणजे ब्लॉकचेन, सगळ्यांना उघडी आहे हे वाचलं होतं, पण अंगावर आलं ते आत्ता.

आता रक्कम वेगवेगळ्या पत्त्यांवर विभागायचा विचार आहे. पण ती विभागणीही वहीत दिसणारच ना? आणि पुढे वॉलेटने दोन पत्त्यांवरची नाणी एकाच व्यवहारात वापरली, की दोन्ही एकाच मालकाचे हे उघड. माझ्या वॉलेटमध्ये कॉइन कंट्रोल नाही, कुठलं नाणं खर्चायचं ते तेच ठरवतं.

लाइटनिंगबद्दलही सांगा (दोघांत चॅनल उघडून वहीबाहेर बिटकॉइन देण्याची सोय). कस्टोडियल वॉलेट (नाणी कंपनीच्या ताब्यात असतात ते) घेतलं तर कंपनीला सगळंच दिसेल, म्हणून ते नको. स्वतःचा चॅनल फोनवरून कुणी चालवतं का? चॅनल उघडतानाचा व्यवहार साखळीवर, म्हणजे त्याच वहीत, जातोच, तर त्यात कोणतं नाणं घालावं?

आणखी एक. वॉलेट शिल्लक तपासताना माझे सगळे पत्ते कंपनीच्या सर्व्हरला विचारतं, तेही एकाच आयपीवरून. टॉर लावल्याने आयपी झाकला जाईल, पण पत्ते एकत्र दिसणं थांबत नाही. त्यासाठी स्वतःचा नोड (सगळी वही आपल्याच यंत्रावर तपासणारी प्रणाली) हाच उपाय का? रोजच्या वापरात तो झेपतो का?

मोनेरो (व्यवहार झाकून ठेवणारं दुसरं चलन) माहीत आहे, पण ज्यांना पैसे द्यायचे ते घेत नाहीत. व्यवहार क्रमांक इथे देणार नाही, कृपया व्यनितही मागू नका.