जपानमधलं खरं निगुतीचं जेवण, परवडेल अशा दरात : तुमचे अनुभव लिहा

जपानला फिरायला जाणारी बरीच मराठी मंडळी रामेन (शेवयांचं सूप), फिरत्या पट्ट्यावरची सुशी आणि कोंबिनी नावाच्या छोट्या दुकानांतली ओनिगिरी (भाताचे मुटके) खाऊन परततात. तेही चविष्टच असतं. पण ज्या वाशोकुला, म्हणजे पारंपरिक जपानी आहारसंस्कृतीला, युनेस्कोने 2013 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तिचं नामांकित जागी निवांत बसून जेवण घ्यायचं तर आपल्याला झेपणार नाही, असं धरून चालतात. माझा अनुभव उलटा आहे. रात्रीऐवजी दुपारी जा, एवढं केलं तरी पुष्कळ दारं उघडतात. तुम्ही कुठे जेवलात, काय वाढलं, किती पडले, सगळं सविस्तर लिहा, आणि वर आपल्या गावाचं नाव टाका.

निशिकासाई, टोक्यो

दुपारचं म्हणालात ते अगदी खरं. मासे तेच, शेफही बहुधा तोच, पदार्थ थोडे कमी. रात्री 20 हजार येनच्या पुढे जाणाऱ्या सुशीच्या काउंटरवर दुपारी 5-6 हजारांत बसता येतं, अशा जागा गिंझासारख्या महागड्या भागातही आहेत. तेम्पुराच्या, म्हणजे पिठात घोळून तळलेल्या मासे-भाज्यांच्या, चांगल्या दुकानात दुपारी तेंदोन, म्हणजे भातावर रचलेला तेम्पुरा, त्याहूनही स्वस्त मिळतो. 100 येनचे हल्ली साधारण 55-60 रुपये धरा. दर बघताना 10 टक्के कर धरलाय का आणि सेवाशुल्क वेगळं आहे का, तेवढं वाचा. टीप मात्र द्यायची नाही. टेबलावर पैसे ठेवून निघालात तर विसरले समजून दुकानातली माणसं मागे धावत येतात.

काउंटरवर बसलात तर सुशी समोर आल्या आल्या खा, फोटोसाठी ताटकळत ठेवू नका. बऱ्याचदा शेफने वरून सोया सॉस लावलेला असतो, झणझणीत वासाबी आत असते, म्हणून वेगळं काही बुडवायची गरज नसते. हाताने खाल्लेली चालते. आपल्याला तर ते फार बरं वाटतं!

रत्नागिरी

आम्ही क्योतोत जुलैत होतो, गिओन मात्सुरी या उत्सवाच्या दिवसांत. उकाडा आपल्या मे महिन्यासारखा. हॉटेलच्या काउंटरवरच्या ताईंनी फोन करून एका छोट्या काइसेकी (एकामागून एक छोटे पदार्थ वाढणाऱ्या) रेस्टॉरंटमध्ये दुपारची जागा मिळवून दिली. त्याआधी दोन ठिकाणी जपानी येणारं कोणी सोबत नाही म्हणून नकार आला होता. मला त्याचा राग आला नाही. दहा माणसांच्या जागेत प्रत्येक पदार्थ समजावून वाढायचा असतो, ते भाषेवाचून कसं करणार?

तिसरा की चौथा पदार्थ आला तो हामो. पांढरंशुभ्र, फुलासारखं उमललेलं मांस, बर्फावर, सोबत उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या उमे फळाची, आंबट चटणी. फोनवर मासा दाखवला तेव्हा उलगडा झाला, ही तर आपली वाम! आमच्याकडे वाम म्हटली की पहिली तक्रार काट्यांची. इथे ते काटे काढतच नाहीत. कातडी शाबूत ठेवून मांसावर इतके जवळजवळ काप देतात की काटे जिभेला कळतच नाहीत. 3 सेंटिमीटरमध्ये 24-25 काप देता आले की आचारी तयार झाला, असं म्हणतात. कापताना करकर आवाज येतो. मी जेवण थांबवून तो ऐकत होतो. मग गरम पाण्यात क्षणभर बुडवून लगेच थंड. क्योतो समुद्रापासून लांब, आणि पूर्वी उन्हाळ्यात तिथवर जिवंत पोचणारा चिवट मासा म्हणून हामोचं हे कौतुक. गिओन मात्सुरीला हामोचा सण असंही म्हणतात.

शेवटी भात, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप आणि लोणचं, मग माच्चा हा हिरवा चहा. माणशी 6 हजार येनच्या आत बसलं. इतकं मन लावून केलेलं जेवण त्या पैशांत मला मुंबईतही मिळालेलं नाही.

पुणे

आम्ही शाकाहारी, त्यामुळे वाचणाऱ्या शाकाहाऱ्यांना कळकळीने सांगते : ताटात मासा दिसत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. जपानी रशाचा पाया दाशी, आणि बहुतेक ठिकाणी तिच्यात कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून धुरी दिलेल्या माशाचा कीस असतो. मिसो सूप, तेम्पुराची चटणी, तोफूवरचा रस, सगळ्यात. आयत्या वेळी सांगून उपयोग नाही, दाशी सकाळीच तयार झालेली असते. बुकिंग करतानाच कळवा.

आम्ही क्योतोतल्या आराशियामाला तेन्र्यूजी देवळाच्या आवारातल्या शिगेत्सू या भोजनगृहात शोजिन र्‍योरी जेवलो, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं शाकाहारी जेवण. देऊळ 1339 सालचं, झेन पंथाचं. तिथली दाशी कोंबू या समुद्री शेवाळाची आणि शिताके मशरूमची. कांदा-लसूणही वर्ज्य, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या सासूबाई निश्चिंत जेवल्या. तातामीच्या चटईवर मांडी घालून बसायचं, समोर लाल लाखेच्या वाट्या. तिळाचा तोफू तोंडात विरघळतो. फक्त दुपारीच मिळतं आणि बागेचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

नागपूर

लहान मुलं सोबत असली तर काउंटरच्या जागा बहुधा घेत नाहीत. आमचा तोडगा म्हणजे मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचे वरचे मजले. तिथे जुन्या नावाजलेल्या दुकानांच्या शाखा असतात, काचेत पदार्थांचे नमुने मांडलेले, बोट दाखवून मागता येतं. बुकिंग नसलं तर रांगेत खुर्च्यांवर बसायचं. उनागी (गोड्या पाण्यातला ईल मासा) आम्ही तिथेच खाल्ली आणि मुलांनी भाताचा एक कण ठेवला नाही.

निशिकासाई, टोक्यो

नागपूरकरांच्या सल्ल्याला जोड : दुपारची शेवटची ऑर्डर पुष्कळ ठिकाणी दीड-दोनलाच बंद होते, नंतर पाचपर्यंत दार लागलेलं. साडेअकराला पोचा. आणि सुशीच्या काउंटरवर जाताना अत्तर किंवा सुगंधी तेल लावू नका, शेजारच्याला माशाचा वास घेता येत नाही. बेत बदलला तर आदल्या दिवशी तरी नक्की कळवा. तुमच्या नावाचा मासा सकाळच्या बाजारात घेतलेला असतो, आणि न कळवता गैरहजर राहिलेल्या एका परदेशी पाहुण्यामुळे पुढच्या दहा जणांना नकार येतो.