छोट्या धंद्यात कुठली कामं बाहेर द्यायची? सल्ला हवाय

कांदालसूण_सांगली:
नमस्कार मंडळी. मी आणि माझी जाऊ मिळून कांदालसूण मसाला, मेतकूट आणि भाजणी करतो, दीड वर्ष झालं. कर्नाटकातही माल जातो म्हणून उलाढाल 40 लाखांच्या मर्यादेच्या बरीच खाली असूनही जीएसटी काढावं लागलं. आठवड्याला 70 च्या आसपास पार्सलं निघतात. अडचण अशी की भाजायला जो सकाळचा वेळ पाहिजे तो लेबलं चिकटवणं, कुरिअरवाल्याला फोन, बिलं, इन्स्टाच्या पोस्ट यातच जातो, परवा मी बिलं करत बसले आणि इकडे 4 किलो मिरची करपली. नवरा म्हणतो सगळं बाहेर देऊन टाक, जाऊबाई म्हणतात आपण दोघी आहोत की, पैसे कशाला घालवायचे. तुम्ही काय काय दिलंत बाहेर?

पापडवाला_नाना:
जीएसटीचं काम आधी बाहेर द्या. पण पोर्टलवर मोबाईल आणि ईमेल तुमचाच पाहिजे. आमच्या आधीच्या सल्लागाराने नोंदणी करताना स्वतःचाच टाकलेला, ओटीपी त्याला, मेसेज त्याला, मला काही पत्ताच नाही. एका महिन्याचं आर-1 (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) राहिलं, मग 3बी (कर भरायचं रिटर्न) पण अडकलं, 40 दिवसांनी कळलं. दिवसाला 50 प्रमाणे 2000 लेट फी, वर व्याज. ते भरलं हो, पण दोन दुकानदारांचं क्रेडिट (आमच्या बिलावर भरलेल्या कराची वजावट) अडकलं आणि त्यातल्या एकाने माल घेणंच बंद केलं, 6 वर्षांचं गिऱ्हाईक होतं. आणि तिमाही रिटर्नचा पर्याय घेतलाय का तेही विचारा, उलाढाल 5 कोटींच्या आत असली की मिळतो.

कराडची_लेक:
मी पॅकिंगपासून सुरुवात केली. आमच्याजवळच्या बचत गटाला देते, नगावर दर. भरणं, वजन, सीलिंग एकदम चोख, माझ्यापेक्षा हात जलद त्यांचा. लेबलाला मात्र सांभाळा. मी जुन्या बॅचची लेबलं तिथेच ठेवून आले होते, ती नव्या मालावर लागली, 140 पाकिटं परत करायला लागली. चूक माझी, मी सांगितलंच नव्हतं. आता बॅच नंबर आणि पॅकिंगची तारीख मी घरी छापते, मोजून देते, उरलेली संध्याकाळी मोजून परत घेते.

रानमेवा:
इन्स्टाच्या पोस्ट द्या कुणालाही, पण व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज बघायचं काम देऊ नका प्लीज. आमच्याकडे ठेवलेला मुलगा चांगला होता, पण "या वेळी सरबत जरा कडवट लागतंय" असं तीन जणांनी लिहिलं आणि त्याने तिघांनाही नम्रपणे सॉरी म्हटलं, मला सांगितलं नाही. मला ते पहिल्याच दिवशी कळलं असतं तर अख्खा घाणा थांबवला असता.

कांदालसूण_सांगली:
नाना, आत्ताच लॉगिन करून बघितलं, ईमेल सल्लागाराचाच निघाला. उद्या सकाळी जाऊन बदलून घेते. पॅकिंग द्यायचं असं जाऊबाईंशी बोलून ठरलं, मेसेज त्याच बघणार, त्यांना चवीतलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. कराडच्या ताई, 200 ग्रॅमच्या पाकिटाला नगाला काय दर देता? आणि सीलिंग मशीन तुमचं की गटाचं?

कराडची_लेक:
मशीन माझं, त्यांच्याकडे ठेवलंय. दर व्यनि (खाजगी मेसेज) करते.