कॉम्प्युटर लॅबची नियमावली नव्याने लिहायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये लॅब असिस्टंट आहे. दारावरचा नियमांचा जुना बोर्ड काढून एका पानात मावेल अशी नवी नियमावली लिहायचं काम विभागप्रमुखांनी माझ्याकडे दिलंय. जुन्या बोर्डावर गेम, गाणी, खाणं-पिणं, मोबाइल, सगळ्याला मनाई आहे. पण एकाच मशीनवर दिवसभर वेगवेगळ्या बॅचची मुलं बसतात, हे लक्षात घेऊन लिहिलेली एकही ओळ त्यावर नाही. पुढच्या मुलाच्या हातात मशीन कसं यायला हवं, यावरून नियम ठरावेत असं मला मनापासून वाटतं. काही ठिकाणी अडलोय, म्हणून विचारतोय.

सगळ्यात जास्त डोकेदुखी लॉगआउटची. ब्राउझरवर फुली मारली की झालं, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात मेल उघडीच राहते आणि पुढच्या बॅचच्या मुलासमोर आधीच्याचा इनबॉक्स सरळ येतो. व्हॉट्सॲप वेबचंही तेच. होस्टेलवर गेल्यावर आठवलं तरी फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून लॅबचं मशीन काढून टाकता येतं. गूगल खात्याच्या सुरक्षा पानावरूनही दुसऱ्या मशीनवरचं साइन-इन बंद करता येतं. हे माहीत नसल्यामुळे मुलं गप्प बसतात. बोर्डावर लिहावं का, की पान फार भरेल?

ब्राउझरच्या इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी विंडोवरही मुलांचा नको तितका भरवसा असतो. ती विंडो बंद केली की हिस्टरी आणि कुकीज जातात, डाउनलोड केलेली फाइल मात्र जागेवरच राहते. लॅबमधल्या कुठल्याही मशीनचा डाउनलोड फोल्डर उघडून बघा: कोणाचा बायोडेटा, कोणाची गुणपत्रिका, कोणाच्या ओळखपत्राचं स्कॅन. जन्मतारीख, पत्ता, फोटो, सही, सगळं एकाच ठिकाणी, आणि ज्याचं आहे त्याला पत्ताच नाही.

पेन ड्राइव्हचं वेगळंच. फोल्डर गायब होऊन त्याच नावाचे शॉर्टकट दिसायला लागतात, हा प्रकार सगळ्यांनी पाहिला असेल. २००८ मध्ये आलेला कॉनफिकर हा स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्रॅम ऑटोरनच्या (ड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू होण्याच्या सोयीच्या) आधारानेही पसरायचा. पुढे विंडोज ७ पासून मायक्रोसॉफ्टने पेन ड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं. त्यामुळे आता व्हायरस बहुतेक वेळा आपल्याच डबल क्लिकने सुरू होतो. वाईट याचं वाटतं, की शॉर्टकट दिसले की मुलं घाबरून ड्राइव्ह फॉरमॅट करतात. या प्रकारात मूळ फाइली बहुधा गेलेल्या नसतात, फक्त लपवलेल्या असतात. आधी अँटिव्हायरसने ड्राइव्ह साफ करून मग फाइलींचं लपवणं काढणारी विंडोजची ॲट्रिब कमांड चालवली की त्या परत दिसतात. सबमिशनच्या आदल्या दिवशी एका मुलीने प्रोजेक्ट असलेला ड्राइव्ह माझ्यासमोर फॉरमॅट केला. मी 'थांब' म्हणेपर्यंत एंटर दाबून झालं होतं. म्हणून 'शॉर्टकट दिसले तर क्लिक नको, फॉरमॅट नको, आधी आम्हाला दाखवा' ही ओळ मला हवीच आहे.

आता खरी अडचण. जागेवरून उठताना विंडोज की आणि एल दाबून स्क्रीन लॉक करा, असं सगळीकडे शिकवतात. स्वतःच्या लॅपटॉपवर ते बरोबरच आहे. लॅबमध्ये मूल लॉक करून जातं आणि तासभर येत नाही. बाहेर उभं असलेलं दुसरं मूल पॉवर बटण दाबून मशीन बंद करतं आणि पहिल्याचं सेव्ह न केलेलं काम जातं. चूक कोणाची म्हणायची? तुमच्याकडे याला काय नियम आहे?

प्रतिसाद, लॅब इन्चार्ज

आमच्याकडे लॉकला दहा मिनिटांची मुभा आहे. त्यानंतर सुपरवायझरला सांगायचं, तोच मशीन मोकळं करतो. मुलांनी पॉवर बटणाला हात लावायचा नाही. वाद बरेच कमी झाले.

आम्ही डीप फ्रीझ नावाचं सॉफ्टवेअर बसवलंय. रीस्टार्ट केलं की गोठवलेला ड्राइव्ह मूळ स्थितीत येतो, मुलांनी टाकलेलं सॉफ्टवेअर आणि डाउनलोड सगळं पुसलं जातं. पण दोन मुलांच्या मध्ये रीस्टार्ट झालं तरच उपयोग, नाहीतर आधीच्याचं सगळं तसंच. म्हणून 'उठताना रीस्टार्ट' हा आमचा पहिला नियम. तुम्हीही बसवणार असाल तर डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल टिकणार नाही, हे प्रत्येक मॉनिटरवर ठळक चिकटवा. हे न सांगता बसवणं म्हणजे मुलांवर अन्याय आहे.

प्रतिसाद, तृतीय वर्षाची विद्यार्थिनी

सर, माझ्याकडे लॅपटॉप नाही. माझं सगळं काम लॅबमध्येच होतं, म्हणून लिहिते. सबमिशनच्या आठवड्यात खुर्चीवर बॅग ठेवून लोक कँटीनला जातात. कोणी मोठं डाउनलोड लावून निघून जातं. 'बॅग ठेवली म्हणजे जागा धरली असं नाही' हे स्पष्ट लिहा. आणि माउस चालत नसेल तर सांगायचं कोणाला, तेही लिहा. सांगितलं तर तूच बिघडवलास म्हणतील, या भीतीने कोणी बोलत नाही आणि ते मशीन आठवडाभर तसंच पडून राहतं.

एक विनंती. एकाने काही केलं म्हणून पूर्ण बॅचला लॅब बंद करू नका. ज्यांच्याकडे दुसरं मशीन नाही, त्यांनाच ती शिक्षा होते.

प्रतिसाद

दुसऱ्याचं लॉगिन वापरू नये, एवढं लिहून भागणार नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९६१ साली सीटीएसएस ही एकच कॉम्प्युटर अनेकांना वापरू देणारी सामायिक यंत्रणा सुरू झाली आणि प्रत्येकाला पासवर्ड मिळाला. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला कॉम्प्युटरवर मिळालेला वेळ पुरेना, तेव्हा त्याने पासवर्डची फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम केलं. त्याने ते बरोबर केलं असं नाही, पण जास्त वेळ मागायची सोय नसली की लोक असल्या वाटा शोधतात. नियमाखालीच लिहा, की वेळ कमी पडत असेल तर अमुक ठिकाणी अर्ज करा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. लॉकची दहा मिनिटं घेतोय, सुपरवायझरचा फोन दारावर लावतोय. जादा वेळेसाठी रजिस्टर ठेवायला विभागप्रमुख तयार आहेत. बिघाड कळवणाऱ्याला दोष दिला जाणार नाही, हे वाक्य जसंच्या तसं टाकतोय. पूर्ण बॅचला लॅब बंद करण्याचा जुना नियम काढून टाकावा, असं मी लेखी सुचवणार आहे. लिंक्ड डिव्हाइसेसची ओळ बोर्डाऐवजी प्रत्येक मॉनिटरखाली चिकटवेन.

एक प्रश्न उरतोच. डाउनलोड फोल्डरमध्ये मुलांची कागदपत्रं सापडली की मी काय करावं? न विचारता पुसली तर एखाद्याची एकमेव प्रत जाईल, ठेवली तर कोणीही उघडेल. सध्या रोज संध्याकाळी फोल्डर रिकामा करायचा आणि तसं आधीच जाहीर करायचं, असं ठरवतोय. कोणाकडे याहून बरी पद्धत असेल तर नक्की सांगा.