घुसणारे आणि राखणारे एकाच छपराखाली का?

वाटसरू:
अमेरिकेच्या एनएसएचं (राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचं) मुख्य काम हेरगिरी. तिचा प्रमुख तोच लष्कराच्या सायबर कमांडचाही प्रमुख. आणि संगणक सुरक्षित कसे ठेवावेत, हा सल्लाही हीच संस्था देते. माझं मत स्पष्ट आहे: ज्याला दुसऱ्याच्या यंत्रणेत घुसायचंय, त्याच्या हाती कुलुपांचं खातं देऊ नये.

२०१७ आठवा. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधली एक त्रुटी एनएसएला ठाऊक होती. मायक्रोसॉफ्टला कळवण्याऐवजी तिच्यावर 'इटर्नलब्लू' हे हत्यार बनवलं गेलं. ते चोरीला गेलं, एप्रिलमध्ये 'शॅडो ब्रोकर्स' या हॅकर टोळीने जगजाहीर केलं आणि १२ मेला त्याच्याच जोरावर वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस सुटला. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांच्या तारखा रद्द झाल्या, काही रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. त्या रुग्णांचा हेरगिरीशी काय संबंध?

दीपमाळ:
ती त्रुटी बुजवणारा मायक्रोसॉफ्टचा पॅच १४ मार्चलाच आला होता. दोन महिने तो न लावणाऱ्यांचा दोष एनएसएच्या माथी का?

आणि त्रुटी सापडायला घुसणाऱ्याचीच नजर लागते. १९७०च्या दशकात आयबीएमच्या डीईएस या माहिती कूटबद्ध करायच्या पद्धतीतल्या एस-बॉक्सवर, म्हणजे बिटांची अदलाबदल करणाऱ्या तक्त्यांवर, एनएसएने काम केलं, तेव्हा अनेकांना वाटलं की चोरवाट ठेवली. पुढे १९९०च्या सुमारास बिहाम आणि शमीर या संशोधकांनी डिफरन्शियल क्रिप्टॅनालिसिस ही कूट फोडायची नवी रीत मांडली आणि दिसलं की ते एस-बॉक्स नेमके त्याच हल्ल्याला तोंड देतील असे बेतलेले होते. बाहेरच्या जगाला जे माहीतच नव्हतं, त्यापासून संरक्षण मिळालं. हे कुठल्या नागरी खात्याला जमलं असतं?

सर्व्हररूम:
पॅचबद्दल एवढंच सांगतो. रुग्णालयातल्या स्कॅनिंग मशीनला जोडलेला संगणक आपल्या मर्जीने अपडेट करता येत नाही. उत्पादक कंपनीने हिरवा कंदील दाखवल्याशिवाय हात लावला आणि मशीन बंद पडलं, तर जबाबदारी आपली. म्हणून तिथे जुनं विंडोज वर्षानुवर्षं चालतं. दोन महिने हा तिथे फार थोडा वेळ आहे. त्रुटी सापडली तेव्हाच कळवली असती, तर आम्हाला कितीतरी जास्त अवधी मिळाला असता.

वाटसरू:
@दीपमाळ, डीईएसची अर्धीच गोष्ट सांगितलीत. एनएसएचा स्वतःचाच अंतर्गत इतिहास, जो नंतर खुला झाला, म्हणतो की एस-बॉक्स बळकट करताना त्यांनी कूट उघडणारी गुप्त किल्ली ६४ वरून ४८ बिटांवर आणायचा आग्रह धरला; किल्ली जितकी छोटी, तितकी ती सगळे पर्याय तपासून शोधणं सोपं. तडजोड ५६ वर झाली. म्हणजे इतर सगळे दरवाजे पक्के केले आणि ज्याच्याकडे प्रचंड संगणकबळ आहे त्याच्यासाठी एक सैल ठेवला. १९९८ मध्ये ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या यंत्राने तशी किल्ली ५६ तासांत शोधली.

एनएसएने रेटलेल्या ड्युअल ईसीचं तर समर्थनच होऊ शकत नाही. यादृच्छिक आकडे तयार करायची ती पद्धत २००६ मध्ये एनआयएसटी या अमेरिकेच्या मानक ठरवणाऱ्या नागरी संस्थेच्या मानकात आली. २००७ मध्येच दोन संशोधकांनी दाखवलं की तिच्यात मागचं दार असू शकतं. एनएसएची गुपितं फोडणाऱ्या स्नोडेनची कागदपत्रं २०१३ मध्ये बाहेर पडली, तेव्हा कुठे ती मागे घ्यायच्या हालचाली सुरू झाल्या.

दीपमाळ:
ड्युअल ईसी अक्षम्य आहे, त्यावर वाद घालणार नाही. मानकं उघड्यावरच ठरावीत. डीईएसच्या जागी आलेली एईएस तशीच ठरली: १९९७ मध्ये जगभरातून प्रस्ताव मागवले, दोन बेल्जियन तज्ज्ञांची पद्धत निवडली गेली.

पण त्रुटी शोधणाऱ्यांना वेगळं काढू नका. ब्रिटनचं राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्र जीसीएचक्यू या तिथल्या हेरसंस्थेचाच भाग आहे. २०१९ मध्ये विंडोजमधली ब्लूकीप ही त्रुटी त्यांनीच मायक्रोसॉफ्टला कळवली. जानेवारी २०२० मध्ये विंडोजच्या प्रमाणपत्र-तपासणीतली त्रुटी एनएसएने कळवली. ही माणसं नागरी खात्यात गेली, तर वर्षभरात त्यांची धार जाईल.

वाटसरू:
कळवलेल्या दोन दिसल्या. दाबून ठेवलेल्या किती, हे कोण मोजणार? काय कळवायचं हे ठरवणाऱ्या समितीची नियमावली अमेरिकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात गुप्ततेच्या कराराखाली मिळालेल्या त्रुटींना सूट आहे. म्हणजे बाहेरून विकत घेताना तसा करार केला, की समितीपुढे जाणं टळू शकतं. ही सूट आधी काढा. मग छप्पर एक की दोन, यावर बोलायला मी तयार आहे.

दीपमाळ:
सूट काढायला माझाही पाठिंबा. छप्पर मात्र एकच हवं.