मदत हवी आहे: सिझेरियनमध्ये बाळ लगेच छातीवर घेता येईल का?

पहिली खेप, ३८वा आठवडा सुरू. बाळ पायाळू आहे. (आजी खूश, पाठीत चमक भरली की पायाळूची लाथ लागते म्हणे!) पोटावरून बाळ फिरवायचा प्रयत्न झाला, फिरलं नाही. ३९व्या आठवड्यात सिझर ठरलंय, तेव्हा नॉर्मलचे सल्ले नकोत. बीपी-शुगर ठीक, भूल कमरेतून, म्हणजे मी जागी असेन. हॉस्पिटल बदलणं आता शक्य नाही.

बाळ नीट रडलं तर नाळ किमान मिनिटभर थांबून कापायला डॉक्टर तयार आहेत. डब्ल्यूएचओही तेच सांगते. पहिल्या तासात स्तनपान मात्र ‘वॉर्डात आल्यावर बघू’वर अडलंय. बाळ छातीवर द्या म्हटलं, तर ऑपरेशन थिएटर (ओटी) थंड असतं हे उत्तर. नवऱ्याला आत प्रवेश नाहीच, तो नियम पक्का.

ज्यांना ओटीत किंवा निदान रिकव्हरीत बाळ छातीवर मिळालं, त्यांनी आधी कोणाशी बोलून ठेवलं होतं: भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ की ओटीच्या सिस्टर? आणि एका हाताला सलाईन, दुसऱ्याला बीपीचा पट्टा असताना बाळाला धरलं कोणी?