शिंपल्यांचे कॅल्शियम आईच्या अंगी का लागत नाही?

मुक्काम_चिपळूण

माझ्या आईचे वय ६३ आहे. शिंपल्यांपासून केलेली कॅल्शियमची गोळी ती गेली दोन वर्षे न चुकता घेते आहे, तरीही यंदाच्या तपासणीत हाडांची घनता आणखी कमी भरली. दिवसभर पुन्हा आठवण ठेवायला नको म्हणून थायरॉईडची, पित्ताची आणि कॅल्शियमची अशा तिन्ही गोळ्या ती सकाळी उपाशीपोटी एकदमच घेते आणि मग सातच्या कोवळ्या उन्हात अंगणात बसते. समुद्रातले कॅल्शियम नैसर्गिक असल्यामुळे ते शरीरात अधिक चांगले शोषले जाते, असे दुकानदाराने सांगितले होते. मग अडते कुठे?

खलबत्ता

औषधांच्या दुकानात मी बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे दुकानदाराचे बोलणे आधी बाजूला ठेवतो. शिंपला असो, प्रवाळ असो की खाणीतला चुनखडक, त्यातून मिळते ते मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच, आणि ते समुद्रातून आले की डोंगरातून, याच्याशी आतड्याला काही देणेघेणे नसते. डबीची मागची बाजू वाचा. १२५० मिलिग्रॅम कार्बोनेट असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असते.

कार्बोनेट विरघळायला जठरातले आम्ल लागते. ते जेवणाबरोबर भरपूर सुटते, म्हणून ही गोळी भरल्या पोटी घ्यावी. आईंच्या बाबतीत पोट रिकामे, आणि त्यातच पित्ताची गोळी उरलेसुरले आम्लही कमी करणार! शिवाय कॅल्शियम थायरॉईडच्या औषधाला आतड्यात धरून ठेवते, त्यामुळे त्या दोन गोळ्यांमध्ये किमान चार तासांचे अंतर हवे. म्हणजे सध्या नुकसान दोन्हीकडून होते आहे. पित्ताची गोळी दीर्घकाळ लागणार असेल, तर आम्लावर फारसे अवलंबून नसलेले कॅल्शियम सायट्रेट चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम साधारण २१ टक्केच असते, म्हणून गोळ्या जास्त लागतात. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक घेऊ नये, कारण मात्रा वाढते तसे शोषणाचे प्रमाण घटते.

दुपारचे_ऊन

कोवळ्या उन्हाबद्दल आपल्याकडे फार प्रेम आहे, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्या वेळी जवळपास पोहोचतच नाहीत; ते साधारण अकरा ते तीन या वेळेत मिळतात. ड जीवनसत्त्व कमी असेल, तर गोळीची वेळ कितीही सांभाळली तरी आतडे कॅल्शियम पुरेसे उचलत नाही. रक्तातील ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या.

वेंगुर्ल्याची_सून

चिपळूणला राहता, म्हणजे बाजारात मांदेली मिळतच असेल. रव्यात घोळवून कुरकुरीत तळली की ती काट्यासकट चावून खाता येते, आणि अशा बारीक माशांच्या काट्यांतले कॅल्शियम दुधातल्या कॅल्शियमइतकेच शोषले जाते, हे अभ्यासांत दिसलेले आहे. सुरमईच्या तुकडीतून हा लाभ होत नाही, कारण तिचा काटा आपण ताटाच्या कडेला ठेवतो. तिसऱ्यांच्या सारातही शिंपल्याचे कॅल्शियम उतरते अशी माझ्या सासूबाईंची समजूत होती. पण थोड्या वेळच्या उकळीने शिंपला काही विरघळत नाही. खारवलेली सुकी मासळी मात्र रोज नको, कारण मीठ जास्त झाले की लघवीवाटे कॅल्शियमही अधिक जाते.

खलबत्ता

त्यात एक भर घालतो. गोळी घ्याल त्या जेवणात पालक नको, कारण त्यातले ऑक्सॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. मुतखड्याचा त्रास पूर्वी झाला असेल, तर डॉक्टरांना तेही सांगा.

मुक्काम_चिपळूण

सर्वांचे आभार. कॅल्शियमची डबी आता स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली आहे, म्हणजे दुपारी पान वाढताना ती समोर दिसेल. पित्ताची गोळी मुळात एका महिन्यासाठीच लिहून दिली होती, हे जुना कागद शोधल्यावर लक्षात आले. ती अजून लागते का, हे सोमवारी डॉक्टरांना विचारणार आहे.